वेगळा ठेवलेला ग्लास

छोटीचा ग्लास मी वेगळा ठेवला होता. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. स्टीलचा ग्लास, त्यावर आजोबांचं नाव कोरलेलं. फडताळाच्या वरच्या कप्प्यात, कोपऱ्यात तो असायचा. छोटी शनिवारी घरी आली की पाणी द्यायला मीच उठायचो, म्हणजे दुसरा ग्लास कुणी पुढे करू नये. रविवारी संध्याकाळी ती परतवाड्याच्या एसटीत बसली की तो राखेने घासून पुन्हा कोपऱ्यात ठेवायचा. असं जवळजवळ दोन वर्षं चाललं.

छोटी माझी धाकटी बहीण. नर्सिंगचा कोर्स संपवून २०१५ साली ती परतवाड्याजवळ कोठाऱ्याला, लेप्रसी मिशनच्या दवाखान्यात लागली. सरकारी भरतीच्या जाहिराती तेव्हा निघत होत्या. तिच्या मैत्रिणी फॉर्म भरत होत्या, हिने भरला नाही. एका रात्री ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा खाली मान घालूनच ती म्हणाली, "दादा, मले पाचारण झालं."

पाचारण म्हणजे देवाचं बोलावणं, आमच्या ख्रिस्ती मंडळीतला शब्द. बाहेरच्या माणसाला जुना वाटेल. आमच्याकडे तो पाळकासाठी वापरतात, मिशनरीसाठी वापरतात. आपल्याच ओसरीत, मांडीवर शेंगांचं सूप घेऊन बसलेल्या पोरीला पाचारण होतं, हे आमच्या घरात कुणी कधी गृहीतच धरलं नव्हतं.

मायचे हात थांबले. "याच्यासाठी शिकवलं का वो तुले? रगतपितीच्या जखमा धुवाले?"

बाबा जाऊन चार वर्षं झाली होती. घरात मोठा मी. मी म्हटलं, "जाऊ दे माय. देवानं बोलावलं त आपण कोण अडवनारे?" हे बोललो तेव्हा मनापासूनच बोललो. पुढच्या रविवारी उपासनेत तिला पुढे उभं केलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. पेटीवर नारायण वामन टिळकांचं भजन झालं. लोकांनी माझाही हात धरून सांगितलं, भाऊ असावा तर असा. आमची मंडळी लहान. दहा-बारा घरं. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. आणि पहिल्याच शनिवारी ती घरी आली तेव्हा मी वरच्या कप्प्यातला ग्लास काढला.

मला माहिती नव्हती असं नाही. सगळं तिनेच सांगितलं होतं. बहुतेक माणसांच्या अंगात कुष्ठरोगाच्या जंतूला तोंड देण्याची ताकद जन्मतःच असते. औषध सुरू झालं की पेशंटकडून दुसऱ्याला रोग लागण्याचा धोका राहत नाही. १९८० च्या दशकात तीन औषधांचा एकत्र उपचार आला आणि पूर्वी जे वर्षानुवर्षं चालायचं ते पुढे सहा किंवा बारा महिन्यांत बरं होऊ लागलं. २००५ अखेर देशाने जाहीर केलं की दहा हजारांत एकापेक्षा कमी रोगी उरले. तरी जगातले निम्म्याहून जास्त नवे रोगी आपल्याच देशात सापडतात, हेही तिनेच सांगितलं. मी मान हलवत ऐकायचो. डोक्यात शिरलेलं हातापर्यंत यायला किती वेळ लागतो, ते मला त्या ग्लासाने शिकवलं.

शेजारचे काका गाडगेबाबांचे भक्त. गाडगेबाबांचं शेंडगाव आमच्याच जिल्ह्यातलं. काकांना कळलं तेव्हा ते आमच्या अंगणात येऊन बसले आणि म्हणाले, "पोट्टीनं नाव काढलं. अमरावतीत पटवर्धन डॉक्टरनं तपोवन उभं केलं, तवा लोकं त्यायलेही असंच बोलत." ख्रिस्ती नसलेल्या माणसाला छोटीचं पाचारण माझ्याआधी कळलं होतं. याची मला तेव्हा लाज वाटली नाही, आता वाटते.

मग स्थळं. मंडळीत जिच्यासाठी डोळे भरून आले, तिच्यासाठी त्या दहा-बारा घरांतून एकही निरोप आला नाही. बाहेरून दोन आले. पहिल्यांनी विचारलं, ड्यूटी बदलून दुसऱ्या दवाखान्यात जाता येईल का. छोटी नाही म्हणाली, ते चहा पिऊन गेले. दुसऱ्या वेळी मी नुसतं एवढंच सांगितलं, 'परतवाड्याला नर्स आहे.' कुठल्या दवाखान्यात ते गाळलं. पाहुणे गेल्यावर तिला कळलं. ती रडली नाही, चिडलीही नाही. "दादा, तू लपवलं. म्हंजे तुले त्याची लाज वाटते," एवढंच बोलली आणि भाकरी थापायला बसली. पाहुण्यांना तिने स्वतःच फोन करून सगळं सांगितलं. ते स्थळही गेलं.

त्या पावसाळ्यात मायने आजोबांच्या ट्रंकेतलं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' काढलं. संध्याकाळी चष्मा लावून ती मोठ्याने वाचायची आणि मी ऐकायचो. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा सोबत नव्हत्या. पुढे कितीतरी वर्षं ताटातूट, माहेरच्यांचं दुःख, लोकांची बोलणी. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मायला वाटायचं, बायको आहे तर नवऱ्यामागे जाईलच. पण तसं झालेलं नाही. पाण्याची आणि अन्नाची शिवाशिव त्यांनी सोडली ती नवऱ्याने सांगितलं म्हणून नाही, स्वतःशी विचार करकरून. तो भाग आला तेव्हा माय वाचता वाचता थांबली. तिने फडताळाकडे पाहिलं की मला तसा भास झाला, कुणास ठाऊक. काही न बोलता तिने पान उलटलं. त्या रात्री मी उठून तो ग्लास खाली काढला आणि बाकीच्या ग्लासांत मिसळून टाकला. सगळे सारखेच दिसत होते. तरी सकाळी माझी नजर नाव शोधत राहिली. सवय एका रात्रीत जात नाही.

आमची संत्र्याची चार एकर बाग आहे. सालदार बरीच वर्षं एकच. दर पाडव्याला त्याचं साल ठरतं. २०१८ च्या श्रावणात तो बागेतून औत घेऊन येत होता. मी त्याच्या मागून चालत होतो. चप्पल तुटली म्हणून तो अनवाणी होता, आणि त्याच्या टाचेत बाभळीचा काटा पार रुतलेला मला दिसला. रक्त वाळलेलं होतं. पण तो लंगडत नव्हता.

"पायात काटा हाय ना बे," मी म्हटलं. त्याने पाय उचलून पाहिला. "हो का?" म्हणाला.

मी जागीच थांबलो. छोटीने सांगितलं होतं, हा रोग दुखत नाही, हाच त्याचा घात आहे. भाजलेलं कळत नाही, टोचलेलं कळत नाही, आणि न कळलेल्या जखमाच हळूहळू बोटं खातात. मी त्याला धुऱ्यावर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि खिशातल्या पेनाच्या टोकाने पायाला स्पर्श करत गेलो. पोटरीवर एक फिकट चट्टा होता. तिथेही काही नाही, तळव्यालाही नाही. त्याला वाटत होतं मी अजून सुरूच केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला गाडीवर बसवून ग्रामीण रुग्णालयात नेलं. मी पुढे बसलो होतो आणि त्याचे दोन्ही हात माझ्या खांद्यावर होते. तपासणी झाली, गोळ्यांची पाकिटं फुकट मिळाली, बारा महिन्यांची. पहिल्या गोळ्या घेतलेल्या रात्रीच तो दारात उभा. लघवी लाल झाली होती, रक्त जातंय समजून घाबरला होता. मी छोटीला फोन लावला. ती ड्यूटीवरच होती. "त्या गोळीनं होते तसं. उद्या साफ होईन. त्याले सांग, गोळी सोडू नको," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "तो कुठी हाय आत्ता?"

"घरात. खाटेवर बसला हाय."

"बरं," ती म्हणाली. त्या एका शब्दात काय होतं ते मी आजही नीट सांगू शकत नाही.

गावात कुजबुज झाली. संत्रं तोडायला याला ठेवाल तर व्यापारी येणार नाही, असं एकाने मला तोंडावर सांगितलं. पाडव्याला तो सालदार साल ठरवायला आलाच नाही. मीच त्याच्या घरी गेलो. त्या वर्षीही तोच राहिला. मालही विकला गेला.

आता हे सगळं लिहिताना मला मार्क शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आठवतो. कुष्ठरोगी येऊन गुडघे टेकतो आणि येशू आधी हात पुढे करून त्याला स्पर्श करतो, बरं नंतर करतो. लहानपणापासून शंभरदा ऐकलेली गोष्ट. मला त्यातला क्रम कधी दिसला नव्हता.

गोळ्यांनी जंतू मेले, पण मेलेली नस काही जागी झाली नाही. नाताळला छोटी घरी आली तेव्हा सालदार नाताळचा फराळ नको म्हणत अंगणात उभा होता. तिने त्याला पाटावर बसवलं. मायने घमेल्यात कोमट पाणी आणलं, आधी आपलं कोपर बुडवून पाहिलं, कारण त्याला गरम कळणार नव्हतं. वीस मिनिटं पाय भिजू द्यायचे, मग कडक झालेली कातडी हळू घासायची, मग ओल्या पायांना तेल. हे रोज, जन्मभर. आणि चप्पल मऊ रबराची, खिळा नसलेली.

"दादा, वजरी आन," छोटी म्हणाली. मी माझ्या न्हाणीतली आणली.

"आता पाय धर. हलते तो."

मी खाली बसलो. टाच माझ्या तळहातावर आली, भेगांची, जड, पाण्याने कोमट झालेली. काट्याचा व्रण अजून तिथे होता. छोटी घासत होती, पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं.

"समजते का काही?" मी त्याला विचारलं.

"नाई भाऊ," तो म्हणाला. "पन दिसते ना."