डाव्या अंगठ्याची नोकरी

माणसाच्या शरीरातला सर्वांत रिकामटेकडा अवयव कोणता, असे मला कोणी विचारले, तर मी डाव्या हाताच्या अंगठ्याचे नाव घेईन. उजवा अंगठा एकलव्याने गुरुदक्षिणेत दिला आणि त्याला महाभारतात मानाची जागा मिळाली. डाव्याच्या वाट्याला काय आले? सही न येणाऱ्या माणसाचा कागद आणि शाईचा डाग! अशा या उपेक्षित गृहस्थाला वयाच्या पासष्टाव्या वर्षी मी नोकरीला लावले आहे. नोकरी आमच्या मोटारीत आहे. आणि ती साधी वाटली तरी मोठ्या जबाबदारीची आहे.

आमची मोटार म्हणजे २००८ साली घेतलेली वॅगन-आर. तिला पंधरा वर्षे पूर्ण झाली तेव्हा चिरंजीवांनी ती विकण्याचा ठराव मांडला होता. पण मी आर. टी. ओ.त जाऊन तिची नोंदणी पाच वर्षांसाठी पुन्हा करून आणली. या गाडीत पहिल्या दिवसापासून खातेवाटप ठरलेले होते. चाक, गिअर, ब्रेक ही खाती माझी. काच, पाण्याची बाटली आणि टेप ही हिची. गाडीत कॅसेट कधीच नव्हती, तरी आम्ही त्याला टेपच म्हणतो. कोणते गाणे लावायचे, आवाज किती ठेवायचा आणि गावाची वेस आली की तो केव्हा कमी करायचा, हे सारे डावीकडच्या आसनावरून चाले. मला तिकडे पाहण्याचे कारणच पडत नसे.

पण गेल्या वर्षी दौंडच्या आमच्या लेकीची बाळंतपणाची रजा संपली. जावई रेल्वेत, मुलगी बँकेत. मग दिवसभर नातीला कोण सांभाळणार? ही पिशवी भरून दौंडला गेली. तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळी मी शिरूरहून एकटा तिला आणायला जातो आणि रविवारी तिला पोचवून रात्री एकटाच परततो. डावीकडचे आसन रिकामे आणि टेपखात्याला मंत्री नाही!

शिरूरहून न्हावरे, पुढे पारगावला भीमेचा पूल, मग चौफुला, पाटस आणि दौंड, असा आमचा रस्ता. दोन्ही तालुके उसाचे. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला, की या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या जोडून ऊस निघतो. ट्रॅक्टरवर गाणे असे मोठ्याने लावलेले असते, की आपल्या गाडीत आपलेच गाणे ऐकू येऊ नये. पण मागे दिवा असेलच, असे नाही. दुरून काळोखच दिसतो, आणि जवळ गेल्यावर तो काळोख उसाचा आहे, हे कळते.

आता तुम्हीच हिशेब करा. ताशी साठ किलोमीटरने जाणारी मोटार एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. टेपचे लहानसे बटण शोधायला दोन सेकंद लागतात असे धरा. म्हणजे तेहेतीस मीटर रस्ता आपण न पाहताच ओलांडला. ट्रॅक्टर आणि त्याच्या दोन्ही ट्रॉल्यासुद्धा इतक्या लांब नसतात!

मोटारीत संगीत आणण्याची हौस जुनी आहे. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी १९३० साली मोटारीसाठी रेडिओ बाजारात आणला आणि मोटारीवरूनच त्याचे नाव मोटोरोला ठेवले. कानाला मेजवानी मिळाली. पण डोळ्यांना उपास घडू लागला. नव्या गाड्यांत त्यावर तोड निघाली आहे. आवाजाची बटणे स्टिअरिंगवरच असतात. आमच्या म्हातारीला ही चैन कुठली? पण चिरंजीव म्हणाले, “बाबा, गाडी विकत नसाल, तर निदान बटणे तरी बसवा.” इतका स्वस्त तह कोण नाकारील?

शिरूरच्या बाजारातल्या एका दुकानातल्या तरुणाने तासाभरात काम केले. बटणांची चपटी डबी त्याने स्टिअरिंगच्या डाव्या दांडीला पट्ट्याने आवळली. तिच्यात घड्याळात असतो तसा नाण्याएवढा सेल. तिचा बिनतारी संदेश पकडणारी दुसरी डबी डॅशबोर्डच्या आत, आणि तिथून वायरी टेपला. जुन्या टेपला अशा वायरी घेण्याची सोयच नव्हती, म्हणून टेप नवा घ्यावा लागला. प्रत्येक बटणाचा विद्युतरोध निराळा; त्यावरून टेपला बटण ओळखता येते. मात्र आधी त्याला शिकवावे लागते. “काका, आता हे दाबून धरा, म्हणजे तो लक्षात ठेवतो,” असे म्हणत त्याने एकेका बटणाचा पाठ घेतला. नातवंडाला अक्षरे गिरवायला लावावीत, तसा प्रकार!

एक गोष्ट त्याने बजावून सांगितली, ती तुमच्याही कानावर घालतो. ज्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे, तिथे हौशी माणसाने पेचकस घेऊन बसू नये. चाक फिरते तरी आतली वायर तुटत नाही, कारण ती घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली असते. तिला धक्का लागला, तर अपघाताच्या वेळी पिशवी न फुगण्याची भीती. आमच्या गाडीत ती पिशवीच नाही, म्हणून तो प्रश्न नव्हता. हॉर्नवर मात्र डबी येता कामा नये, हे त्याने दोनदा तपासले.

डबीवर फोन घेण्याचेही बटण आहे. ते मी टेपला शिकवू दिले नाही. गाडी चालवताना हातात फोन धरणे २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्याने धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. बटणाने घेतलेला फोन त्यात मोडत नसेलही. पण नातीला ताप आला असे कानावर पडल्यावर माझे डोळे समोर असले, तरी मन समोर राहील काय? फोन घ्यायचा, तर गाडी बाजूला उभी करून.

पहिल्या शनिवारी सकाळी ही गाडीत बसली. सवयीने हात टेपकडे गेला आणि तेवढ्यात आवाज आपोआप कमी झाला. तिने आधी टेपकडे पाहिले, मग माझ्या अंगठ्याकडे.

“म्हणजे माझे काम गेलेच म्हणायचे,” ती म्हणाली.

पाटस येईपर्यंत मला उत्तर सुचले नाही. खरे तर, जी सोय तिच्या गैरहजेरीसाठी केली, ती तिच्या हजेरीत तिला खुपणारच. मी म्हटले, “शुक्रवारी आणि रविवारी हे काम करायला कोणी नसते. मी धड घरी पोचावे, एवढ्यासाठीच हे आहे.”

त्यावर ती काही बोलली नाही. चौफुल्यापाशी उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी रेंगाळली, तेव्हा तिने नातीच्या पहिल्या दाताची हकीकत सुरू केली. माझी नजर ट्रॉलीवर होती. अंगठ्याने गाणे बंद केले आणि मी ऐकू लागलो.

आता नवे खातेवाटप झाले आहे. आवाज माझ्याकडे, निवड तिच्याकडे. शुक्रवारी एकटा निघतो तेव्हा टेपवर तिनेच रविवारी लावून ठेवलेली गाणी असतात. त्यांतली दोन-चार मला मुळीच आवडत नाहीत. पुढच्या गाण्यावर जाण्याचे बटण अंगठ्याखालीच आहे; पण त्या कामावर मी त्याला अजून लावलेले नाही.