मिरचीचा ताळेबंद

बाजारात दहा रुपयांची कोथिंबीर घेतली की भाजीवाली वर चार मिरच्या फुकट टाकते. नाही टाकल्या तर आपण हक्कानं मागून घेतो. जी वस्तू फुकट मिळते ती घरी पिकवायला निघणारा मनुष्य एक तर श्रीमंत असावा लागतो किंवा वेडा. मी बँकेत कारकून आहे. म्हणजे पहिली शक्यता आपोआप निकालात निघाली.

याचं मूळ आमच्या आईत आहे. २०२१ साली आम्ही साताऱ्याकडचं गावचं घर विकलं आणि आई आमच्याकडे ठाण्याला राहायला आली. सामान म्हणजे एक ट्रंक, पाटा-वरवंटा आणि लुगड्याच्या चिंधीत बांधलेली एक पुरचुंडी. पुरचुंडीत परसातल्या लवंगी मिरचीचं बी होतं. ही मिरची झाडाला खाली लोंबत नाही, आभाळाकडे तोंड करून उभी असते. आमच्या घराण्यात ताठ मानेनं उभं राहणारं असं तेवढंच.

आईनं तक्रार कधी केली नाही. फक्त जेवण कमी होत गेलं. दोन भाकऱ्यांची एक झाली, एकीची अर्धी. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून "काही नाही, वय झालं" असा निकाल दिला, आणि तेवढं सांगण्याचे पैसे घेतले. आमची ही रोज काहीतरी नवं करून वाढी. आई ठेच्याला बोट लावी, जिभेवर ठेवी आणि एकच शब्द बोले, "गवत."

१९१२ साली स्कोव्हिल नावाच्या अमेरिकन औषधशास्त्रज्ञानं मिरचीचा तिखटपणा मोजायची रीत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत न्यायचा, चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत. पाणी जितकं जास्त लागेल तितकी मिरची जहाल. आमच्याकडे हेच काम पाण्याचा थेंब न वापरता होत असे.

तेव्हा मी ठरवलं, गॅलरीत मिरची लावायची. "माझं बी लाव," आई म्हणाली. पण मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. चिंधीत बांधलेल्या मालावर विश्वास कसा ठेवणार? मी छापील चित्राचं, पुसा ज्वालाचं पाकीट आणलं. तीन कुंड्या आणल्या. माती आणली, १८० रुपयांना पिशवी.

"माती विकत?" आई म्हणाली आणि पिशवीकडे बघत राहिली. घराबरोबर परसाची माती कितीला गेली, याचा हिशेब ती मनात करत असावी. मी घाईघाईनं पिशवी गॅलरीत नेली.

मग मी त्या रोपांना पाणी घातलं. सकाळी घातलं, बँकेतून आल्यावर घातलं, रात्री झोप येईना म्हणून घातलं. रोपं वीतभर होण्याआधीच बुडाशी कुजून आडवी झाली आणि जास्तीचं गढूळ पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या पांढऱ्या चादरीवर उतरलं. धुलाईचे १२० रुपये मुकाट्यानं दिले. मुळं पाण्यात उभी राहिलेली मिरचीला खपत नाहीत, हे पाकिटावर लिहिलेलं नव्हतं. ते आईनं सांगितलं. "अरे, मिरची आहे ती. म्हैस नव्हे."

पहिलं वर्ष असं पाण्यात गेलं.

पुढच्या जूनमध्ये आईनं पुरचुंडी सोडली. मिरचीचं बी फार वर्षं टिकत नाही, म्हणून होतं नव्हतं ते सगळं पेरलं. उगवली सहा रोपं. सहाच. आता हे बी गावातही कुणाकडे उरलेलं नव्हतं. परसावर नव्या मालकानं फरशी घातली होती.

दीड महिन्यानं रोपं कुंड्यांत लावली. रोज संध्याकाळी आई त्यांच्याजवळ पाट टाकून बसे. मिरची मूळची अमेरिकेची, आपल्याकडे ती पोर्तुगीजांनी १६व्या शतकात आणली, अशी माहिती मी तिला दिली. "मग त्याआधी पिठल्याबरोबर काय खात होते?" तिनं विचारलं. इतिहासाची अशी पंचाईत मी पूर्वी पाहिली नव्हती.

आणि एके दिवशी पानं चुरगळायला लागली. आमच्या शाखेत शेतीकर्जाचं टेबल सांभाळणारा एक सहकारी आहे. बुडीत खातं तो लांबून ओळखतो. फोटो पाहून म्हणाला, "पानं वर वळली असती तर फुलकिडे म्हटलं असतं, खाली वळली असती तर कोळी. हा बोकड्या आहे. विषाणू. पांढरी माशी पसरवते. याला औषध नाही. लागलेली झाडं उपट, नाहीतर उरलेलीही जातील."

लागलेली पाच होती. उरलेलं एक.

माझा काही हात होईना. आईला न कळू देता मी तीन रात्री टॉर्च लावून निंबोळी तेल फवारत बसलो. चौथ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर दोन कुंड्या रिकाम्या आणि तिसरीत एकच झाड. आई मोरीत हात धूत होती. "घर सोडलं, तर रोपांचं काय घेऊन बसलास?" म्हणाली. हात मात्र बराच वेळ धूत राहिली.

उरलेल्या झाडाला आम्ही जुनी मच्छरदाणी लावली. समोरच्या बिऱ्हाडातून "घरात पाळणा हलला का?" अशी चौकशी झाली. मिरचीच्या फुलाचं माशीवाचून अडत नाही, हलकी टिचकी पुरते. त्यामुळे मी रोज कामाला निघताना फुलांना टिचक्या मारू लागलो. "अहो, लोकल चुकेल," ही आतून ओरडे. दोनदा चुकलीही.

पहिल्या दहा मिरच्या निघाल्या तेव्हा आईनं स्वतः पाटा धुतला. ठेच्यानं आम्ही सगळे खोकत होतो. आई जेवत होती. काही बोलली नाही. ताट तेवढं पुढं सरकवलं. हिनं भाकऱ्या मोजून केलेल्या, तेव्हा माझ्या ताटातली उचलून आईला वाढली.

वर्षअखेरीस मी हिशेब मांडला. कुंड्या, माती, गांडूळखत, पाकीट, तेल, फवारा, काकूंची चादर : एकूण १०१५ रुपये. मिरच्या २९. दर मिरचीला ३५ रुपये. आईचं बी कोणत्या खात्यात दाखवायचं ते न कळल्यानं तो रकाना कोरा ठेवला.

शेवटच्या तीन मिरच्या बियांसाठी झाडावर लाल होऊ दिल्या. मच्छरदाणी काढताच बुलबुलानं एक खाल्ली. पक्ष्यांना मिरची तिखट लागतच नाही, हे मला तेव्हा कळलं. दुसरीवर आणि तिसरीवर मग माझा एकेक पायमोजा चढवण्यात आला.

बी वाळल्यावर आईनं नवी पुरचुंडी बांधली.

"तुमच्या बँकेत लॉकर असतो ना रे? भाडं किती?"

मी सांगितलं.

"एवढं?" आई म्हणाली, आणि पुरचुंडी तांदळाच्या डब्यात ठेवून दिली.