करपलेल्या टाकीचा तळ

गेले पंधरा दिवस भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलोय, म्हणून आता लिहूनच काढतो.

जानेवारी २०२५मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा बारा कंटेनरांतून आमच्या इंदूरजवळच्या पीथमपूरला आला. सकाळी पोहे खायला जावं तर तिथंही त्याचीच चर्चा! तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला : २ डिसेंबर १९८४ला, वायुगळतीच्या रात्री, भोपाळच्या कारखान्यातल्या बंद टाकीच्या आत काय झालं, हे कळलं कसं? शेवटी एकदा वाचायला घेतलं आणि पहाट कधी झाली ते समजलंच नाही.

६१० क्रमांकाच्या टाकीत ४० टनांहून जास्त मिथाइल आयसोसायनेट होतं. त्यातलं बहुतेक वायू होऊन शहरावर पसरलं, हजारो माणसं गेली. टाकीच्या तळाशी काही टन गाळ तेवढा उरला. करपलेल्या पातेल्याचं बूड पाहून दूध किती वेळ गॅसवर राहिलं ते आई सांगायची ना, तसा हा गाळ वाचला गेला! सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या एस. वरदराजन यांच्या पथकानं नमुने तपासले, कंपनीच्या शास्त्रज्ञांनीही तपासले. डायमिथाइल युरिया सापडलं, म्हणजे पाणी शिरलं होतं. लोह, क्रोमियम, निकेल सापडलं, म्हणजे टाकीचं स्टेनलेस स्टील आतून झिजलं होतं. मग तीच द्रव्यं वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून, तापवून, अगदी तसाच गाळ तयार होतो का ते पाहायचं. कंपनीच्या पथकानं असे सुमारे ५०० प्रयोग केले! टाकी २०० अंशांच्या वर गेली असणार, हे असं कळलं.

पण मला खरं हलवलं ते दाबाच्या काट्यानं. रात्री १०.२०ला २ पीएसआय, अकराला १०. पाळी मध्येच बदललेली. नव्या माणसाला १० पाहून काहीच वाटलं नाही, कारण २ ते २५ रोजचंच होतं. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद, गळालेला वायू जाळणाऱ्या मनोऱ्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला. त्या माणसाच्या जागी उभं राहून पाहिलं, की ‘लक्ष कसं गेलं नाही?’ हा प्रश्न तोंडातून निघत नाही.

पाणी आलं कुठून, हा वाद मात्र संपलेला नाही. पाइप धुताना शिरलं, असं कामगार सांगत आले. कंपनीनं नेमलेल्या सल्लागार संस्थेचे अशोक कालेलकर यांनी १९८८मध्ये मांडलं की ते कोणीतरी मुद्दाम सोडलं. त्यासाठी त्यांच्या पथकानं त्या रात्री चहा देणाऱ्या पोऱ्यालाही गाठलं होतं. त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही, काम कोणी दिलं होतं ते विसरता येत नाही. पण चहाच्या वेळेवरून मिनिटं जुळवायची, ही कल्पना केवढी!

शेजारचे काका पीथमपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाले. काल त्यांना सगळं सांगितलं, तर त्यांनी पाठकोऱ्या कागदावर एक उभी रेघ ओढली आणि म्हणाले, “आधी वेळा लिही. नावं नंतर.” रात्री बारापर्यंत आम्ही लिहीत होतो. १०.२० आणि ११ यांच्यामधली जागा अजून कोरी आहे. आज पुन्हा बसणार आहोत.