धरमतरची वाट आणि ईर्यासमिती

पेण सोडून वडखळ मागे टाकले आणि अलिबागच्या रस्त्याला लागले की धरमतरची खाडी येते. अंबा नदी येथे भरती-ओहोटीच्या पाण्यात मिसळून रुंद होते. काठाला खारफुटी, बांधांआड भातशेते, आणि पाण्यातून डोलवीच्या पोलाद कारखान्याचा माल वाहणाऱ्या बार्जेस असे येथले दृश्य आहे. पूल होण्यापूर्वी येथे तर चालत असे. गावाच्या नावातला ‘तर’ हा शब्द तिचीच आठवण देतो.

जैन वाचकाला हे नाव अधिक जवळचे वाटावे. ‘तीर्थ’ या शब्दाचा मूळ अर्थ पाणी ओलांडण्याची जागा, म्हणजे उतार. जो भवसागर ओलांडण्यासाठी असा उतार सिद्ध करून देतो, तो तीर्थंकर. धरमतरला आज पाणी ओलांडणे सोपे झाले आहे; अवघड झाले आहे ते रस्त्याने चालणे.

मुंबई–गोवा महामार्गाला अलिबागचा रस्ता वडखळला फुटतो. कारखान्याचे अवजड ट्रक, कोकणात जाणाऱ्या एस.टी. आणि शनिवार-रविवारी समुद्रकिनाऱ्याकडे धावणाऱ्या मोटारी या परिसरात एकत्र येतात. त्याच रस्त्याच्या कडेने शाळेची मुले चालतात, सायकलीवरून कामगार पाळीला जातात, आणि बायाबापड्या वाल, काकडी मांडून बसतात. पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम 2011 मध्ये सुरू झाले आणि दशकाहून अधिक काळ रेंगाळले. रुंद रस्ता वाहनाला हवाच असतो. परंतु तो पायी चालणाऱ्याला काय देतो, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. दुभाजक आणि कडा धरून असा रस्ता सुमारे वीस मीटर रुंद मानला, तर सावकाश चालणाऱ्या वृद्धेला तो ओलांडण्यास पंचवीस सेकंद लागतात. ताशी 80 किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्या अवधीत अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. जी गाडी तिला दिसलीही नव्हती, ती ती पलीकडे पोहोचण्याआधी येऊन ठेपते.

आपले साधु-साध्वी याच वाटांनी विहार करतात. पनवेलहून अलिबागकडे यायचे तर पेण, वडखळ, धरमतर, पोयनाड, कार्लेखिंड हीच सरळ वाट. चातुर्मास सोडला तर वर्षाचे आठ महिने अनवाणी चालणे हा त्यांचा आचार, आणि महामार्गावरील अपघातांत साधु-साध्वींचे प्राण गेल्याच्या वार्ता आपण वारंवार वाचतो. पाच समितींतली पहिली ईर्यासमिती. दिवसाच्या उजेडात, पुढची सुमारे चार हात भूमी न्याहाळीत, कोणताही जीव पायाखाली येणार नाही अशा बेताने पाऊल टाकावे, हे तिचे सांगणे. या नियमाने मुंगी वाचते. पण मागून भरधाव येणाऱ्या ट्रकपासून चालणाराला तो वाचवू शकत नाही.

मग ही समिती पाळायची कोणी? तत्त्वार्थसूत्रात आचार्य उमास्वातींनी हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मध्यवर्ती स्थान दिले आहे. त्या दृष्टीने स्टिअरिंगवर बसून मोबाइल पाहणे ही केवळ वाहतुकीच्या नियमांची पायमल्ली राहत नाही. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, हे जाणूनही गावातून वेग न आवरणे हाही प्रमादच. 2022 साली भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. त्यांपैकी 32,825 पादचारी होते.

प्रमाद रस्ता बांधणाऱ्याचाही असू शकतो. स्वीडनच्या संसदेने 1997 मध्ये स्वीकारलेल्या धोरणाचा गाभा असा : माणसाची चूक होणारच, त्या चुकीची शिक्षा मृत्यू ठरू नये, अशी रस्त्याची रचना हवी. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2025 मध्ये पादचाऱ्यांचा पदपथाचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्कात मोडतो, असे स्पष्ट केले.

तेव्हा संघांनी विहारसेवेचा विचार थोडा विस्ताराने करावा. उजाडण्यापूर्वी विहार सुरू होणार नाही, असा मुक्काम आखावा. यात शास्त्र आणि सुरक्षा दोन्ही सांभाळली जातात. पदपथ नसेल तेथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने, एकामागे एक चालावे. सेवकांच्या अंगावर प्रकाश परावर्तित करणारे जाकीट असावे. अपघात दिसल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम 134-अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते. पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या भीतीने पुढे जाण्याचे कारण उरलेले नाही.

आणि ग्रामपंचायत, बांधकाम खाते किंवा महामार्ग प्राधिकरण यांना निवेदन देताना केवळ विहारमार्ग मागू नये. पुलावर व गावांजवळ पदपथ, शाळेपाशी वेग रोखणारी रचना आणि दिव्याखालचे ओलांडण्याचे ठिकाण मागावे. साध्वीजींसाठी बांधलेला पदपथ पोयनाडच्या शाळकरी मुलीलाही उपयोगी पडेल. पूर्वी धरमतरची तर काठावर आलेल्या सर्वांनाच पार नेत असे. आपली मागणीही तितकीच सर्वांची असावी.