टिकलेला माणूस आणि अडकलेला माणूस

"लोकल पोरं टिकत नाहीत हो."

हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलंय, त्याची गणती नाही. कंपनीतले एचआर साहेब, लेबर ठेकेदार, पेणमधले दुकानदार, हायवेवरचे हॉटेलवाले. बोलणारा बदलतो, वाक्य तेच. आणि आपली पुढारी मंडळीही ते ऐकून मान डोलावतात. मोर्चात घोषणा 'भूमिपुत्रांना नोकरी द्या' आणि टपरीवर चहा पिताना 'जाऊ दे रे, आपली पोरंच तशी आहेत'.

आज यावर लिहायचंय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

कासू आणि आजूबाजूच्या गावांचं एक आहे. कामाला जायचं म्हटलं तर दोन्ही बाजूंना वाट आहे. इकडे नागोठणे, पुढे रोहा-धाटाव. तिकडे वडखळ, डोलवी, पेण. महामार्गाच्या कामाचेसुद्धा दोन टप्पे पाडले ते आपल्याच गावाच्या नावाने, पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर. म्हणजे कागदावर आपण अगदी मधोमध. तरीही स्टेशनवर सकाळच्या गाडीची वाट बघणाऱ्या पोरांना विचारा, एका ठिकाणी पाच वर्षं काढलेला किती जणांत सापडतो ते.

असाच एक पोरगा. आयटीआय फिटर. चार वर्षांत तीन कंपन्या. नाव त्याचंही लिहीत नाही आणि कंपन्यांचंही. मी विचारलं, "का रे सोडतोस सारखा?" पगाराबद्दल बोलेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "दादा, आठ महिने मला 'ए कंत्राटी' म्हणून हाक मारायचे. गेटपासवर नाव होतं की माझं. वाचलंच नाही कोणी."

पगारही कमीच होता, ते नंतर कळलं. पण त्याने आधी सांगितलं ते नावाचं.

आता हिशोबाची दुसरी बाजू. त्याच कंपनीत दहा-दहा वर्षं काढलेली माणसंही आहेत. मालक त्यांच्याकडे बोट दाखवून सांगतो, बघा, आमच्याकडे माणसं टिकतात. त्यातल्या एकाशी बोललो. घराचं कर्ज, मुलीचं कॉलेज, वय पंचेचाळीस. "आता कुठे जाऊ?" एवढंच म्हणाला. मंडळी, हा टिकलेला माणूस नाही, हा अडकलेला माणूस आहे. हजेरीपटावर दोघं सारखेच दिसतात. फरक कळतो तो मशीन बिघडल्यावर. टिकलेला माणूस बिघाड दिसताच धावत येऊन सांगतो. अडकलेला शिफ्ट संपायची वाट बघतो.

मग माणूस टिकतो कशाने? यासाठी परदेशातल्या मॅनेजमेंटच्या पुस्तकात जायची गरज नाही. आपल्या महाराष्ट्रातच एक गोष्ट घडून गेली आहे, शंभर वर्षांपूर्वी. किर्लोस्करवाडीची.

लक्ष्मणराव किर्लोस्कर उद्योगपती म्हणून सगळ्यांना माहीत. पण हा माणूस आधी नोकरी सोडलेला माणूस होता, हे फार कोणी सांगत नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये ते शिकवत होते. बढतीची पाळी आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. आजच्या भाषेत सांगायचं तर लोकल पोरगा टिकला नाही!

बेळगावात त्यांनी भावाबरोबर सायकलचं दुकान चालवलं, पुढे लोखंडी नांगर केले. आपला शेतकरी लोखंडी नांगर घ्यायला तयार नव्हता. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षं लागली. त्यात नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकर माळ दिला आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. १९१० च्या मार्चमध्ये लक्ष्मणराव तिथे पोचले. निवडुंग आणि साप, बाकी काही नाही. पण बेळगावहून पंचवीसेक कामगार बायकापोरांसह त्यांच्या मागोमाग आले.

इथे जरा थांबा. बेळगावसारखं शहर सोडून सापांच्या माळावर कोण जातं? आणि तेही बायकापोरं घेऊन? तिथे पगार भरमसाट मिळणार नव्हता. कारखाना चालेल की नाही याचीच खात्री नव्हती. तरी गेले. कारण मालक स्वतः त्याच माळावर राहणार होता.

आणि लक्ष्मणरावांनी माणसं कोणती घेतली ते बघा. शंभुअण्णा जांभेकर, शाळा सोडलेले, तिथे इंजिनिअर झाले. के. के. कुलकर्णी, परीक्षेत नापास झालेले, त्यांनी व्यवस्थापन सांभाळलं. अनंतराव फळणीकर, तेही शाळा सोडलेले, पुढे कल्पक इंजिनिअर. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे तर दरोड्याची शिक्षा भोगलेले. त्यांना रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं. ज्यांच्यापासून राखण करायची, त्यांच्याच हातात राखण दिली! आणि वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा दंडक घातला. काळ कोणता, तर विसाव्या शतकाची पहिली दशकं.

आजच्या आपल्या एचआरच्या फॉर्ममध्ये यातला एकही माणूस पास झाला नसता. नापास, शाळा सोडलेला, गुन्हेगार. हीच माणसं घेऊन उभा राहिलेला कारखाना पुढे देशभर गाजला आणि कुंडल रोड स्टेशनचं नाव बदलून किर्लोस्करवाडी झालं.

मला पत्रकार म्हणून आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याची खबरबात देणारं साधं पत्रक. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि त्याच घरातून 'स्त्री' आणि 'मनोहर' निघाली. नांगराच्या कारखान्याला मासिक कशाला लागतं? लागतं. आपण बनवतो ती वस्तू कुठे जाते, कारखान्याचं काय चाललंय, हे सांगण्यासारखं आहे असं मालकाला वाटलं. आपल्याकडच्या किती कामगारांना माहीत असतं, आपण भरलेलं पोतं कुठे जातं ते?

हे जुन्या काळातलं झालं, आता कोण एवढं करतं, असं म्हणाल. मग २६ नोव्हेंबर २००८ आठवा. ताजमहाल हॉटेल. मागचे दरवाजे, जिने सगळे कर्मचाऱ्यांना पाठ होते. पळून जाणं त्यांना सगळ्यात सोपं होतं. ते थांबले, पाहुण्यांना बाहेर काढत राहिले. ११ कर्मचारी गेले. पुढे हार्वर्डचे प्राध्यापक रोहित देशपांडे यांनी यावर अभ्यास केला. त्यात सापडलेली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. ताजवाले भरतीसाठी मोठ्या शहरांपेक्षा लहान गावांतल्या मुलांना पसंती देत. मार्क आणि इंग्रजी यापेक्षा वडीलधाऱ्यांशी वागणं कसं आहे ते बघत. मग दीड वर्षं शिकवत. आणि पाहुण्याच्या भल्यासाठी निर्णय घ्यायचा असेल तर साहेबाला विचारत बसू नका, हे त्यांना आधीच सांगितलेलं असे.

म्हणजे बघा, 'गावाकडची पोरं नकोत' असं आपल्याकडे म्हणतात आणि तिकडे मुद्दाम गावाकडची शोधतात.

माझ्या धंद्यातलंही सांगतो. गावोगावच्या वार्ताहराला पगार कमी आणि जाहिरातीचं टार्गेट जास्त, हे आता गुपित राहिलेलं नाही. मी एका दैनिकात होतो. एका बातमीवरून दमदाटी झाली, मी ऑफिसला फोन केला. उत्तर आलं, "तुमच्या पातळीवर मिटवा." त्या महिन्यात मी ते काम सोडलं. त्याआधी एका छोट्या साप्ताहिकात होतो. पैसे त्याहून कमी. पण २००५ च्या जुलैमध्ये पूर आला, तेव्हा संपादकांचा निरोप आला होता, "बातमी उद्याही जाईल. आधी घरचं बघ, मग मला कळव." त्या माणसासाठी मी पाच वर्षं राबलो. साप्ताहिक बंद पडलं म्हणून सुटलो, नाहीतर अजून तिथेच असतो.

आता मालकाची बाजू. ती खोटी नाही. आपली पोरं भातलावणीला दांडी मारतात, गणपतीत तर विचारूच नका. क्रिकेटच्या टुर्नामेंटसाठी आजारी पडणारेही आहेत. वडखळच्या बाजूला एक छोटा फॅब्रिकेशनवाला आहे, त्याला मी हेच विचारलं. त्याच्याकडची सगळी माणसं आसपासच्या गावांतली आणि वर्षानुवर्षं तीच. तो म्हणाला, "दांडी मारणारच आहेत, तर आपणच पाळी लावून दिलेली काय वाईट?" जूनमध्येच भिंतीवर कागद लागतो. लावणीला कोण कधी, गणपतीत कोण दीड दिवसाचा, कोण गौरीपर्यंतचा. पोरं आपापसात ठरवतात. पगार सात तारखेला. एकाच्या बोटाला मशीन लागलं तेव्हा शेठ रात्रभर दवाखान्यात बसून होता. बस्स, एवढंच. यात कुठलं मॅनेजमेंट आहे?

हेही सांगतो की तिथून माणसं जातात. दोघांनी स्वतःचं वर्कशॉप टाकलं. शेठने त्यांना पहिलं जुनं वेल्डिंग मशीन दिलं. आपल्या पेणच्या गणपती कारखान्यांचंही तेच आहे. एका कारखान्यात आखणी शिकलेला कारागीर पुढे आपल्या गावी स्वतःची शेड टाकतो. हमरापूर-जोह्याकडे बघा, घराघरात कारखाना. माणूस टिकणं म्हणजे खुंटीला बांधणं नव्हे. चांगल्या ठिकाणाहून माणूस जातो तेव्हा मोठा होऊन जातो आणि वाटेत भेटला तर रस्ता बदलत नाही.

एक गैरसमज मात्र नको. प्रेमाने हाक मारली की झालं, असं मी म्हणत नाही. किमान वेतन, पीएफ, वेळेवर पगार, अपघात झाला तर भरपाई, हे कोणाच्या मनाच्या मोठेपणावर सोडायचं नसतं. तो कायदा आहे. वर्षातून एकदा कुटुंब मेळावा घ्यायचा, शाल-श्रीफळ द्यायचं आणि पीएफ भरायचा नाही, याला संस्कृती म्हणत नाहीत. आधी हक्काचं द्या, मग आपुलकीचं बोला.

आणि पुढाऱ्यांना एक विनंती. २००८ चा शासन निर्णय आहे, स्थानिकांना पर्यवेक्षक श्रेणीत किमान ५० टक्के आणि इतर जागांवर किमान ८० टक्के नोकऱ्या द्याव्यात असा. तुम्ही तो भाषणात सांगता. चांगलं आहे. पण त्यातला 'स्थानिक' म्हणजे राज्याचा रहिवासी, कासूचा किंवा पेणचा नव्हे, हेही पोरांना सांगा. आणि नोकरी लागली की तुमचं काम संपतं, तिथेच घोळ आहे. पोरगा आत गेल्यावर त्याला किती दिवसांत पक्कं काम मिळालं, किती जणांनी वर्षाच्या आत सोडलं आणि का सोडलं, हे कंपनीला कोणी विचारलंय का? पुढच्या ग्रामसभेत एवढे तीन प्रश्न ठेवा. कंपनीचा सीएसआरवाला वह्या वाटायला येतो, त्याच्या हातात हा कागद द्या. शंभर वह्यांपेक्षा तीन उत्तरं गावाच्या जास्त कामाची आहेत.

मालक मंडळींनाही एकच सांगणं. 'पोरं टिकत नाहीत' असं पुन्हा म्हणायच्या आधी, सोडून गेलेल्या शेवटच्या पाच जणांची नावं आठवून बघा. नावंच आठवली नाहीत, तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

ज्यांनी एका ठिकाणी दहा वर्षांच्या वर काढली आहेत, त्यांनी खाली लिहा. टिकलात की अडकलात? कंपनीचं नाव नाही लिहिलं तरी चालेल. त्या चांगल्या साहेबाचं, मुकादमाचं, शेठचं नाव मात्र जरूर लिहा. चांगल्या माणसांची नावं आपल्याकडे फार कमी वेळा घेतली जातात.