पानं मोजून घेतलेली पुस्तकं

तुम्ही लहानपणी वाचलेलं पहिलं पुस्तक तुम्हाला आठवत असेल. फास्टर फेणे, श्यामची आई, चांदोबाचा कव्हर फाटलेला अंक, काहीही. पण ते दुकानातून उचललं कुणी? आणि नेमकं तेच का? बघा बरं आठवून. मी गेला महिनाभर याच उद्योगात आहे. माझी सात वर्षांची भाची जालन्यात, मी पुण्यात, आणि दिवाळीला तिला पुस्तकं पाठवायची म्हटल्यावर आमच्या घरात चक्क दोन पार्ट्या पडल्या.

पहिली पार्टी ताईची. तिचा फंडा क्लिअर आहे. पुस्तक इंग्लिश हवं, कव्हरवर ‘सेव्हन प्लस’ छापलेलं हवं आणि त्यातून पोरीला काहीतरी ‘शिकायला’ मिळायला हवं. तिच्या कपाटात अंतराळ, डायनोसॉर, मानवी शरीर असा सगळा गुळगुळीत कागदाचा ऐवज आहे. दुसरी पार्टी आईची. ताई आणि दाजी दोघंही नोकरीला, त्यामुळे शाळा सुटल्यापासून संध्याकाळी सातपर्यंत नात आजीकडे असते. आई फोनवर एवढंच म्हणाली, “मला वाचून दाखवता येईल असं काहीतरी पाठव गं. ती एवढं जाडजूड पुस्तक घेऊन मांडीवर बसते, अन् आम्ही दोघी नुसती चित्रं बघतो.”

आईचं शिक्षण मॅट्रिक. मराठी पेपर अग्रलेखासकट वाचणारी बाई. तिच्यापुढे सात वर्षांची मुलगी पुस्तक धरते आणि ती काही बोलू शकत नाही, हे चित्र काही डोक्यातून जाईना. दोन-अडीच तासांचा वेळ आहे हो तो रोजचा! कुठल्या भाषेतलं पुस्तक घरात येतं, यावर मुलाला गोष्ट कोण वाचून दाखवणार हे ठरतं. ऑनलाइन ऑर्डर करताना एवढा विचार कोण करतं?

पण ताईला व्हिलन ठरवणं सोपं आहे आणि ते मला करायचं नाही. कारण आमच्या घराण्यात पुस्तकनिवडीची एक जुनी परंपराच आहे. सुरुवात आजोबांपासून.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. आजोबा शिकले उर्दूत. कचेरीची भाषा उर्दू, आणि हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठसुद्धा १९१८ ला सुरू झालं ते उर्दू माध्यमात. आजोबांची सही, हिशेब, आवडते शेर, सगळं उजवीकडून डावीकडे चालायचं. मग संस्थान गेलं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला आणि घरात फाडफाड मराठी बोलणारा हा माणूस मराठीत साधा अर्ज लिहिताना अडखळायला लागला. ही गोष्ट त्यांना फार लागली असणार. कारण अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यांनी पहिलं पुस्तक आणून दिलं ते मनाचे श्लोक. समर्थ रामदास जांबचे, म्हणजे आत्ताच्या घनसावंगी तालुक्यातले. आपल्याच भागातला माणूस, शुद्ध मराठी, वर पुण्यही. दोनशे पाच श्लोक, पाठ झाल्याशिवाय सुट्टी नाही.

अण्णांनी ते पाठ केले, आणि आपल्या पोरींना पाठ करायचं पुस्तक आणायचं नाही हेही तेव्हाच ठरवलं असावं. ते आम्हाला गोष्टी आणायचे. पण कशा? बियाण्यांच्या कंपनीतला माणूस, सगळं वजनावर! पुस्तक प्रदर्शनात गेलो की ते आधी मागची किंमत बघायचे, मग शेवटचं पान, आणि मनातल्या मनात भागाकार. एका रुपयाला पानं किती? चित्रं जास्त असली की मार्क कट. “चित्रं काय, भिंतीवर पण असतात.” त्यामुळे ‘श्यामची आई’ अगदी सहज पास झालं. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेलं, जाडजूड, स्वस्त, आणि रडायलाही भरपूर. चांदोबा मात्र भरपूर चित्रं असूनही घरात यायचा, का तर तो अण्णांना स्वतःलाच वाचायचा असायचा. तिकडे मद्रासमध्ये छापलेला विक्रम-वेताळ इकडे जालन्यात जेवणानंतर अण्णा मोठ्यानं वाचायचे. (चांदोबा आता बंद पडलाय. त्याची आठवण काढताना माझ्या पिढीतली मंडळी उगाच म्हातारी होतात.)

फास्टर फेणे आम्हाला लायब्ररीतून मिळाला. भा. रा. भागवतांचा हा पोरगा फुरसुंगीचा. आम्हा दोघी बहिणींना फुरसुंगी म्हणजे लंडनइतकीच लांब आणि झकास जागा वाटायची. आता माझं ऑफिस तिकडेच आहे आणि ट्रॅफिकमध्ये रोज तास जातो. असो. मुद्दा असा, की आमच्या वाचनातली सगळी हुशार पोरं पुण्या-मुंबईकडची. कुंडलिकेच्या पुलावरून सायकल हाणणारा, मोसंबीच्या बागेत चोर पकडणारा हिरो आम्हाला कधी भेटला नाही.

आणि ताई? ती इंजिनिअर झाली, वर्गात पहिली. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या ग्रुप डिस्कशनला तिनं वीस मिनिटांत एक शब्द उच्चारला नाही. सगळं येत होतं, फक्त इंग्लिशमध्ये बाहेर पडेना. पुढे दुसरी नोकरी मिळाली, सगळं छान झालं, पण ती वीस मिनिटं काही गेली नाहीत. तिच्या कपाटातले डायनोसॉर तिथून आलेत. आजोबांनी अडलेल्या अर्जासाठी मराठी आणलं, ताईनं अडलेल्या तोंडासाठी इंग्लिश. बहुतेक आईबाप मुलांच्या वयाचं पुस्तक घेतच नाहीत, स्वतःच्या वहीतला लाल शेरा खोडायला घेतात. मला मूल असतं तर मीही काय वेगळं केलं असतं म्हणा!

मग मी कामाला लागले. पहिला फोन एका मैत्रिणीला, ती जालन्यातच असते. तिनं गांधी चमनपासून बाजारापर्यंत चक्कर मारली. गाइडं, वह्या, स्पर्धा परीक्षा, आणि मुलांसाठी ‘बोधकथा’. खाली चौकटीत तात्पर्य असलेल्या. लहान मुलं ती चौकट सफाईनं गाळतात, पण मोठी माणसं तेवढीच वाचून पुस्तक विकत घेतात, ही गंमत आहे.

पुण्यात मात्र चॉइस भरपूर. माधुरी पुरंदरेंचं ‘राधाचं घर’ घेतलं. घरातल्या एकेका माणसाबद्दलची छोटी पुस्तकं, चित्रंही त्यांचीच, आणि तात्पर्य अजिबात नाही. मग बालभारतीचं ‘किशोर’. हे मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक बालभारतीच्या वेबसाइटवर फुकट वाचता येतात, हे माझ्या ऑफिसात एकालाही माहीत नव्हतं. पण खरा तोडगा निघाला तो प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर. २०१५ ला सुरू झालेली ही साइट. एकच गोष्ट, तीच चित्रं, अनेक भाषांत, सोप्यापासून कठीणपर्यंत चार पायऱ्या लावलेली, आणि डाउनलोड फुकट. मी दहा गोष्टी निवडल्या. प्रत्येकीची एक प्रत मराठीत, एक इंग्लिशमध्ये. शनिवारी ऑफिसच्या कलर प्रिंटरवर काढल्या (एचआरमधलं कुणी हे वाचत नसेल अशी आशा आहे) आणि सोबत एक डायनोसॉर टाकून पार्सल रवाना केलं. ताई खूष, आई खूष.

आता तिकडे रोज संध्याकाळी पाचला बैठक बसते म्हणे. एक पान नात इंग्लिशमध्ये वाचते, तेच पान आजी मराठीत. परवा आईचा फोन आला तेव्हा मागे भांडण चालू होतं. आई गोष्टीत स्वतःची भर घालताना पकडली गेली होती. “आजी, तुझ्या पानावर एवढी वाक्यं नाहीयेत!” भाची ओरडत होती. “माझ्यात मोसंबीची बाग कुठंय?”

ताईचा मेसेज रात्री आला. तो डायनोसॉर मराठीत मिळतो का, विचारतेय.