घराला दुसरं नेट कशाला?



मागच्या महिन्यात भिशी आमच्याकडे होती. टीव्हीच्या कपाटावरचा काळा डबा बघून दोघी-तिघींनी विचारलं, "हे काय नवीन?" त्याला ड्युअल वॅन राउटर म्हणतात. दोन वेगवेगळ्या इंटरनेटच्या लाइन एका घरात घ्यायच्या आणि त्या या डब्यात जोडून एकत्र वापरायच्या. "अगंबाई, दोन-दोन नेट! एवढं करता तरी काय?" असं एक मैत्रीण हसून म्हणाली. तिचं विचारणं बरोबरच होतं. चहा-फराळाच्या गडबडीत नीट सांगता आलं नाही, म्हणून आज हिशोबासकट सांगते.

आमचं घर सांगलीत, विश्रामबागला. घरात सहा माणसं. सासूबाई ८८ वर्षांच्या, आम्ही दोघं, मुलगा, सून आणि साडेतीन वर्षांचा नातू. मुलगा कुपवाड एमआयडीसीत नोकरीला आहे. सून पुण्याच्या कंपनीत आहे, पण काम घरून करते. बाळंतपणानंतर दीड वर्षाने ती पुन्हा रुजू झाली, तेव्हा कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली ती एका अटीवर. कामाच्या वेळेत नेट बंद पडता कामा नये.

गेल्या पावसाळ्यात एका महिन्यात चार वेळा आमचं नेट गेलं. एकदा झाडाची फांदी वायरीवर पडली, एकदा गटारीच्या खोदकामात वायर तुटली, दोनदा कारणच कळलं नाही. त्यातल्या एका वेळी सून ग्राहकांसमोर बोलत होती आणि मधेच गायब झाली. आठवड्याने तिला पत्र आलं. असंच होत राहिलं तर आठवड्यातले तीन दिवस पुण्याच्या ऑफिसात यावं लागेल.

सांगलीहून पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. रोज जाऊन-येऊन होणारं हे काम नाही. म्हणजे सुनेने पुण्यात खोली घ्यायची. मग नातू कुठे राहणार? तिच्याबरोबर गेला तर त्याला सांभाळायला मी जायला हवं, आणि मी गेले तर सासूबाईंचं कोण बघणार? मुलाची नोकरी इथे. एका वायरीपायी घर दोन गावांत वाटलं जायची वेळ आली होती.

त्या रात्री जेवणं लवकर आटोपली होती, सगळे बसलो होतो. आमचे हे सहज म्हणाले, "सोडली नोकरी तर काय बिघडलं? घरात कमी आहे का काही?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण सून काही न बोलता आत गेली, ते मला बघवलं नाही. मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. त्या शिक्षणावर मी घरखर्चाच्या वह्या लिहिल्या, मंदिराच्या भोजनशाळेचा हिशोब ठेवला, त्यात मला आनंदही मिळाला. पण घरात काही अडलं की बाईनेच आपलं काम बाजूला ठेवायचं, हे मी माझ्या आईपासून बघत आले आहे. या वेळी अडचण बाईची नव्हती, वायरीची होती. मग उपायही वायरीचाच करायचा, असं मी ठरवलं.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो मोबाइलच्या हॉटस्पॉटचा. तो सूनही करायचीच. पण तिच्या खोलीत रेंज कमी, आणि नेट गेलं हे लक्षात येऊन मोबाइल जोडेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. तेवढ्यात समोरचे लोक थांबलेले असतात. आम्हाला हवी होती ती आपोआप होणारी सोय. पहिली लाइन गेली की कुणी हात न लावता दुसरी सुरू व्हावी. हेच काम हा राउटर करतो. या प्रकाराला फेलओव्हर म्हणतात.

दुसरा प्रकार लोड बॅलन्सिंगचा. त्यात दोन्ही लाइन एकाच वेळी चालतात आणि घरातलं काम दोघींत वाटलं जातं. इथे बहुतेकांची समजूत होते की १०० एमबीपीएस आणि ४० एमबीपीएस मिळून १४० चं एक नेट होईल. आमच्या ह्यांनाही तसंच वाटलं होतं. मी त्यांना बँकेचं उदाहरण दिलं. बँकेत एकाऐवजी दोन काउंटर उघडले तर रांग लवकर सरकते, पण तुमचा एक चेक एकाच काउंटरवर वटतो. तो अर्धा इकडे, अर्धा तिकडे देता येत नाही. तसंच सुनेचा एक व्हिडिओ कॉल एकाच लाइनवरून जातो. तिचा कॉल एका लाइनवर आणि नातवाची गोष्ट दुसऱ्या लाइनवर, एवढी वाटणी होऊ शकते. खरोखर दोन्ही लाइन जोडून एक करायची तर वेगवेगळ्या वाटांनी आलेले तुकडे एकत्र करणारी यंत्रणा पलीकडच्या टोकालाही लागते. तिचे वेगळे पैसे पडतात. घरी त्याची गरज नाही.

लोड बॅलन्सिंगमध्ये आणखी एक गोष्ट होते. प्रत्येक लाइनचा बाहेरच्या जगातला पत्ता वेगळा असतो. बँकेच्या साइटवर काम करताना अर्धं काम एका पत्त्यावरून आणि अर्धं दुसऱ्यावरून गेलं, तर बँकेला संशय येऊन ती आपल्याला बाहेर काढू शकते. म्हणून आम्ही सरळ ठेवलं. मोठी लाइन मुख्य, छोटी राखीव.

आता महत्त्वाचं. दुसरी लाइन घेताना स्पीडपेक्षा वाट बघा. बी.कॉम.ला संख्याशास्त्रात संभाव्यता शिकवायचे, आठवतं का कुणाला? समजा एक लाइन महिन्यातले दोन दिवस बंद पडते, म्हणजे १५ दिवसांतून एक दिवस. दुसरीही तेवढीच वाईट धरा. तर दोन्ही एकाच दिवशी बंद असण्याची वेळ १५ गुणिले १५, म्हणजे २२५ दिवसांतून एकदा येते. साधारण साडेसात महिन्यांनी एकदा. दोन सुमार लाइन मिळून एवढी भरवशाची सोय होते! पण या गणिताला एक अट आहे. दोघींची बंद पडायची कारणं वेगळी हवीत. दोन्ही वायरी एकाच खांबावरून येत असतील तर एकच फांदी दोन्ही तोडेल. म्हणून मी दुसऱ्या लाइनवाल्याला तीन प्रश्न विचारले. वायर कुठल्या गल्लीतून येते? वायर तुमची स्वतःची की दुसऱ्या कंपनीकडून घेतलेली? आमच्याकडची वीज चालू असताना तुमच्या भागातली गेली तर नेट चालतं का? आमची मुख्य लाइन पुढच्या रस्त्याने येते. दुसरी घेतली ती मागच्या गल्लीतून येणाऱ्या केबलवाल्याची. तुमच्याकडे दुसरी वायर मिळत नसेल तर सिमकार्डवर चालणारं नेट दुसरी लाइन म्हणून जोडता येतं.

जोडणी अशी. दोन्ही कंपन्यांचे डबे आहेत तिथेच राहतात. त्यांतून एकेक वायर नव्या राउटरच्या दोन वॅनच्या खाचांत येते. लॅनच्या खाचेतून घराकडे वायर जाते. काही राउटरांत वायफाय नसतं. आमच्यातही नाही, म्हणून जुनाच एक वायफायचा डबा त्याला पुढे जोडला. घरातली सगळी उपकरणं या वायफायवर यायला हवीत. कुणी कंपनीच्या जुन्या डब्याच्या वायफायवर राहिलं तर त्याला या सोयीचा उपयोग नाही.

सेटिंग करायला आलेल्या मुलाकडून दोन गोष्टी मी आवर्जून करून घेतल्या. पहिली तपासणीची. कधीकधी वायर शाबूत असते, डब्यावर हिरवा दिवा असतो, पण पुढे कुठेतरी नेट बंद पडलेलं असतं. राउटरने फक्त वायर बघितली तर त्याला सगळं ठीकच वाटेल. म्हणून दर थोड्या वेळाने बाहेरच्या एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघायचं, असं त्यात लावता येतं. दुसरी गोष्ट पत्त्यांची. आमच्या दोन्ही कंपन्यांच्या डब्यांचा घरातला पत्ता एकच होता. दोन घरांना एकच नंबर असेल तर पोस्टमन गोंधळणारच. त्या मुलाने एकाचा पत्ता बदलून दिला.

आणि हे तिन्ही-चारही डबे इन्व्हर्टरच्या प्लगवर हवेत. वीज गेल्यावर डबेच बंद पडले तर दहा लाइन असून उपयोग नाही.

आता खर्च. दुसरी लाइन महिना ३९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७१ रुपये. वर्षाचे ५,६५२. राउटर साडेपाच हजारांना पडला. पाच वर्षं चालेल असं धरून वर्षाचा घसारा ११००. एकूण ६,७५२, म्हणजे दिवसाला साडेअठरा रुपये. अर्धा लिटर दुधापेक्षा कमी. समोरच्या बाजूला सुनेचा पगार लिहून बघितला आणि वही ह्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा बेरीज तपासली. म्हणाले, "बोलव त्या मुलाला."

पण माझ्या मनात एक प्रश्न उरला होता, आणि तो तुमच्यापैकीही काहींच्या मनात येईल. मी परिग्रह परिमाणाचा नियम घेतला आहे. साड्या, भांडी, सगळ्याची मर्यादा वहीत लिहिलेली आहे. एक चालू असताना दुसरं नेट हा परिग्रहच नाही का? सासूबाईंना विचारलं. त्यांना राउटर म्हणजे काय ते माहीत नाही, पण नियम म्हणजे काय ते पक्कं माहीत आहे. त्या म्हणाल्या, "वस्तू किती आहेत ते मोज, पण जीव कशात अडकलाय तेही बघ." तत्त्वार्थसूत्रातही परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केलेली नाही, आसक्तीवरून केली आहे. घर एकत्र राहावं म्हणून घेतलेली वस्तू आणि शेजारणीकडे आहे म्हणून घेतलेली वस्तू, या दोन्ही वहीत एकाच ओळीवर येणार नाहीत. तरी मी एक पथ्य पाळलं. एक आली की एक गेली पाहिजे. छतावरच्या डिशचे महिन्याला ३५० रुपये जात होते. ती बंद केली. टीव्ही तसाही आता नेटवरच चालतो. म्हणजे खऱ्या हिशोबाने दुसरी लाइन महिना १२१ रुपयांत पडली.

घेऊन विसरून जायची ही वस्तू नाही, हेही सांगते. राखीव लाइन रोज वापरात नसते, त्यामुळे ती बंद पडली तरी कुणाला कळत नाही. ऐन वेळी कळतं. म्हणून दर चतुर्दशीला सकाळी मी मुख्य लाइनची वायर दोन मिनिटं काढून बघते. त्या दिवशी हिरव्या भाज्या चिरायच्या नसतात, तेवढा वेळ मोकळा मिळतो. सून कामाला बसायच्या आत हे उरकते. दुसऱ्या लाइनचं बिल भरल्याची तारीखही त्याच पानावर लिहिते.

सगळ्यावर हा इलाज आहे असं मात्र समजू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हाची वीज आणि वाहतूक आठवा. तसा प्रसंग आला तर दोन काय, चार लाइनही पुरणार नाहीत. लाइन बदलते त्या क्षणी चालू कॉल काही सेकंद अडखळतो, आणि ऑफिसची सुरक्षित जोडणी पुन्हा जोडून घ्यावी लागते. सुनेने हे आपल्या साहेबांना आधीच कळवून ठेवलं आहे.

मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला, त्यात पुढच्या रस्त्यावरचा खांब वाकला. मुख्य लाइन दोन दिवस बंद होती. पहिल्या दिवशी दुपारी मी कपडे गोळा करून आत आले तर डब्यावरचा एक दिवा विझलेला दिसला. सुनेच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून तिचा बोलण्याचा आवाज येत होता. संध्याकाळी जेवायला बसल्यावर मी तिला सांगितलं, "आज दुपारपासून तू दुसऱ्या नेटवर आहेस." ती म्हणाली, "हो का आई? एकदा जरा अडखळलं होतं खरं," आणि नातवाच्या ताटातली भाकरी कुस्करायला लागली.

ती पुण्याला जायची गोष्ट त्यानंतर निघालेली नाही.